पडद्यामागें कोण?

करावे येथें परवां एका स्नेह्यांच्या घरीं दूरदर्शनवरील जुन्या ‘चिमणराव’ मालिकेच्या पडद्यामागील गोष्टींचा फड रंगला होता. चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे, दोघांच्या टोप्या-कोटांसह सारें मंडळींस मुखोद्गत. मात्र चिं. वि. जोशी कोण, असें विचारतांच सभा स्तब्ध!

अशा माहितीस आम्ही क्षुद्र मानीत नाहीं. ती अर्ध्या वाटेंत थांबते, एवढीच आमची तक्रार. १९७० नंतरच्या दशकांत मुंबई दूरदर्शनवर येण्यापूर्वीं हीच जोडी १९४० सालीं ‘लग्न पहावें करून’ या बोलपटांत दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांच्या रूपानें अवतरली होती. त्याहीपूर्वीं ती पुस्तकांत नांदत होती. आणि तिचा जनक कोण? बडोद्यास पाली शिकविणारे एक विद्वान प्राध्यापक! पडद्यामागें याहून नवलाची गोष्ट ती कोणती?

नट बदलले, माध्यम बदललें, तरी चिमणराव ओळखूं आले, तें लेखणीच्या बळावर. असें म्हटल्यानें नटांचें श्रेय तिळभरही उणें होत नाहीं. परंतु ज्या घरांत नटाच्या टोपीची एवढी चौकशी, त्या घरांत ‘चिमणरावाचें चऱ्हाट’ औषधालाही सांपडूं नये, यास रसिकता म्हणावयाचें काय? पडद्यामागें जावयाचेंच, तर लेखकाच्या मेजापर्यंत जावें.