निकाल नागपुरात लागतो, तालुक्यापर्यंत काय पोहोचतं?

बुलढाण्याहून औरंगाबाद दीडशे किलोमीटरच्या आसपास, नागपूर त्याच्या दुपटीहून लांब. तरीही हायकोर्टाचं काम निघालं की औरंगाबाद खंडपीठ आपल्याला चालत नाही, नागपूरच गाठावं लागतं. आपला जिल्हा विदर्भात ना! खालच्या कोर्टाची भाषा मराठी, हायकोर्टाची इंग्रजी. त्यामुळे पक्षकाराच्या हाती येतं ते वकील साहेबांचं एक वाक्य: 'झालं आपल्यासारखं' किंवा 'आता दिल्लीला जावं लागेल'. बाकीच्यांसाठी टीव्हीवरची पट्टी आणि व्हॉट्सअॅपवरचा फॉरवर्ड.

शेजारच्या अकोला जिल्ह्यातलं पातूर घ्या. नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होतं. एका माजी नगरसेविकेने हरकत घेतली. नगरपरिषदेने ठराव केला की १९५६ पासून इथे उर्दू वापरात आहे, ती राहील. डिसेंबर २०२० मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी हरकत मान्य केली, पुढच्या एप्रिलमध्ये अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी तो आदेश रद्द केला. प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं, तिथून दिल्लीला, परत नागपूरला. १० एप्रिल २०२४ ला खंडपीठाने पाटी कायम ठेवली आणि १५ एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच मातीत जन्मली, हा त्या निकालातला भाग आपल्याकडे मोबाइलमोबाइलवर फिरला. फिरायलाच हवा होता. पण कायद्याचा मुद्दा त्याहून छोटा आणि कामाचा आहे: स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेबाबतचा २०२२ चा कायदा मराठी सक्तीची करतो, मराठीच्या जोडीला दुसरी भाषा लिहायला मनाई करत नाही. म्हणजे उद्या एखाद्या नगरपरिषदेने मराठी गाळून नुसतं उर्दू लिहिलं, तर पातूरचा निकाल तिच्या बाजूने उभा राहणार नाही. आणि मराठीखालचं उर्दू पुसायला कोणी निघालं, तर हाच निकाल मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवता येईल. छाती फुगवण्यापलीकडे त्याचा हा उपयोग किती जणांना ठाऊक आहे?

आपल्यालाच माहीत नसतं असंही नाही. मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगल झाली आणि आठवड्याभरात महापालिकेने आरोपीचं घर पाडायला घेतलं. २४ मार्चला खंडपीठाने पाडकाम थांबवलं, तोवर एक घर जमीनदोस्त झालेलं होतं. आधी नोटीस द्या, किमान १५ दिवस थांबा, आरोपी आहे म्हणून घर पाडता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १३ नोव्हेंबर २०२४ ला बजावलं होतं. आयुक्तांनी नंतर कोर्टाची बिनशर्त माफी मागितली. कारण काय दिलं? त्या निर्देशांची कल्पनाच नव्हती! खंडपीठ ज्या शहरात बसतं, त्या शहराच्या महापालिकेला चार महिन्यांत देशातल्या सर्वोच्च कोर्टाचा निकाल कळला नाही. मग चिखली, मलकापूर, देऊळगाव राजाच्या अतिक्रमण विभागाला तो कळला असेल, हे कशाच्या भरवशावर मानायचं? माफीने भिंत परत उभी राहत नाही. जेसीबी येण्याआधी निकालाची प्रत दाखवणारा माणूस मोहल्ल्यात असावा लागतो.

आता न आवडणारे निकाल. २३ जानेवारी २०२५ ला मुंबई हायकोर्टाने सांगितलं की लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. लगेच अजानवर बंदी आली, असा अर्थ काढणारे निघाले. आनंदाने काढणारेही आणि घाबरून काढणारेही. निकाल आवाजाबद्दल आहे: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आधी समज, मग दंड, मग जप्ती, आणि हे सर्व धर्मांना. आपल्या गल्लीतही आजारी माणसं आणि दहावीची मुलं राहतात, तेव्हा मला तरी यात अन्याय दिसत नाही. अन्याय तेव्हा होईल, जेव्हा पोलीस मशिदीपुढे मीटर धरतील आणि डीजेपुढे खिशात घालतील. तसं झालं तर दाद मागायला हाच निकाल लागेल. म्हणून तोही वाचायचा.

२१ जुलै २०२५ चा निकाल मात्र नुसता वाचून होत नाही. २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांतले बाराही दोषी हायकोर्टाने निर्दोष सोडले. खालच्या कोर्टाने त्यांतल्या पाच जणांना फाशी दिली होती. बारांपैकी एक जण २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने वारला. त्याची सुटका कागदावरच झाली. तीन दिवसांत सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली आणि 'पुन्हा तुरुंगात' अशी अफवा उठली. स्थगिती एवढीच होती की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. सुटलेल्यांना परत जायचं नव्हतं. ज्यांची माणसं त्या सात स्फोटांत गेली, त्यांना मात्र एकोणीस वर्षांनीही स्फोट कोणी केले याचं उत्तर मिळालेलं नाही. आपल्या जल्लोषात त्यांचा उल्लेख कमी होता, हे मला खटकलं.

सुप्रीम कोर्टाचे आणि मुंबई हायकोर्टाचे बरेच निकाल आता मराठीतही मोफत मिळतात. महिन्याला एक निकाल, एक तरुण वकील आणि तासाभराची बैठक, एवढं बुलढाणा, खामगाव, मेहकरला सहज जमेल. मराठीत वाचावं, उर्दूत समजावून सांगावं. सुरुवात पातूरपासून करायला हरकत नाही.

दुसऱ्या महिन्याला जानेवारी २०२४ चा पोटगीचा निकाल घ्यावा. कोकणातल्या एका तलाकशुदा बाईने पुन्हा लग्न केलं म्हणून पहिल्या नवऱ्याने नऊ लाख नाकारले. हायकोर्टाने सांगितलं की १९८६ च्या कायद्याखालचा तिचा हक्क तलाकच्या दिवशीच पक्का झाला, नंतरच्या लग्नाने तो जात नाही. त्या दिवशी बायकांना बोलवा, आणि मागे पडद्याआड नको, पुढच्या रांगेत बसवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, हेही त्याच बैठकीत सांगा.