रडीचा डाव कुणाचा?

चवथीला बहीण आणि भाची आमच्याकडे आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपली, माणसं पेंगायला लागली आणि भाची मात्र ओसरीवरच्या सोप्यावर मोबाइल हातात धरून तोंड पाडून बसलेली. विचारलं तर "कांय ना" एवढंच. संध्याकाळी बहिणीकडून कळलं की तिनं आपली टीम पुसून टाकली होती. चार महिने खपून जमवलेली सहा पोकेमॉनची टीम. का, तर बारावीच्या वर्गातली मुलं म्हणाली, तू स्वतः खेळत नाहीस आणि समोरच्यालाही खेळू देत नाहीस. हा रडीचा डाव आहे.

मला तो शब्द झोंबला. त्याचं कारण जुनं आहे. भातकापणी झाली की आमच्या वाड्याची पोरं शेतात फुटबॉल खेळायची. त्या टीममध्ये मी स्टॉपर होतो. गोल करणाऱ्याला सगळे खांद्यावर घेत आणि मला विचारत, "तो एक कसा रे सुटला तुझ्याकडून?" अडवलेले नऊ कुणी मोजले नाहीत.

तुमच्यापैकी अनेकांना पोकेमॉन म्हणजे पिवळा पिकाचू आणि कार्टून नेटवर्कवर हिंदीतून लागणारी मालिका एवढंच आठवत असेल. मलाही तेवढंच ठाऊक होतं. मूळ खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात आला. लहानपणी किडे गोळा करत फिरणाऱ्या सातोशी ताजिरी यांच्या डोक्यातून तो निघाला. गोष्ट पोरांची, पण दोन खेळाडू एकमेकांसमोर बसले की तोच खेळ बुद्धिबळाच्या जवळ जातो. गेली दोन वर्षं भाचीच्या शेजारी बसून बघतोय, म्हणून हे धाडस करून लिहितो.

प्रत्येकाकडे सहा पोकेमॉन. मैदानात एका वेळी एक. प्रत्येकाला चारच चाली. दोघे खेळाडू आपली चाल एकाच वेळी ठरवतात, आणि आपला गडी आत घेऊन दुसरा बाहेर काढणं हीसुद्धा एक चालच धरली जाते. म्हणजे बदली केलीत की त्या खेपेला तुमचा फटका नाही आणि नवा आलेला मात्र मार खातच उभा राहणार. बचावाचं सगळं शास्त्र या एका नियमावर उभं आहे. कोण मारू शकतो हा प्रश्न सोपा. कोण मार खाऊन आत येऊ शकतो, आणि कुणाच्या जागी, हा अवघड.

त्यात टाइप अठरा. पाणी आगीला भारी, आग गवताला, आणि जमिनीला वीज लागतच नाही. मार कधी दुप्पट बसतो, कधी निम्मा, कधी शून्य. एकेका पोकेमॉनला दोन टाइप असले तर दोन्हींचा गुणाकार. वर हल्ल्याचे दोन प्रकार, शारीरिक आणि विशेष, आणि दोन्हींसाठी बचावाचे आकडे वेगळे. त्यामुळे सगळं झेलणारा असा कुणी नसतोच. जो भिंत आहे तो एका बाजूनंच भिंत आहे.

याचं सगळ्यात देखणं उदाहरण १९९९च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या खेळांत जन्मलं. स्कारमरी हा पोलादी पंखांचा पक्षी, आणि ब्लिसी ही पोटाशी अंडं धरलेली गुलाबी गुबगुबीत बाई. ब्लिसीच्या जिवाचा मूळ आकडा २५५, याहून मोठा कुणाचाच नाही. विशेष हल्ल्यापासूनचा बचाव १३५. आणि शारीरिक बचाव? १०. अहो, दहा! एखाद्या पैलवानानं ठोसा दिला की बाई आडव्या. स्कारमरीचं उलट. शारीरिक बचाव १४०, पण विशेष हल्ल्यापुढे निम्मा, ७०. त्याला आग आणि वीज या दोनच गोष्टी जास्त लागतात. त्या काळच्या नियमानं आग आणि वीज दोन्ही विशेष हल्ले, म्हणजे ब्लिसीचं रोजचं जेवण. आणि ब्लिसीला ज्याची भीती तो पैलवानी हल्ला शारीरिक, तो स्कारमरीच्या पोलादावर आपटून परत. एकाचं मरण ते दुसऱ्याचं किरकोळ काम. लोकांनी दोघांच्या नावांचा एकच शब्द करून टाकला, स्कार्मब्लिस. आपल्याकडे काही नवराबायकोंची नावं अशी एका दमात घेतली जातात तसं.

पुढे नियम बदलले. २००२च्या खेळांत मॅग्नेटॉनला चुंबकाचं बळ मिळालं, त्याच्यासमोर पोलादाचा गडी सापडला की त्याला मागे घेता येईना. २००६मध्ये प्रत्येक चाल स्वतंत्रपणे शारीरिक किंवा विशेष ठरली, म्हणजे आगीचा शारीरिक ठोसाही आला. जोडी मोडली नाही, पण दोघांवर भागत नाही हे कळून चुकलं. तिसरा लागतो, चौथा लागतो, आणि प्रत्येक नवा माणूस आधीच्यांची उणीव भरणारा लागतो.

भाचीची पहिली टीम या परीक्षेत नापास झाली होती, हे इथेच सांगून टाकतो. तिनं सहाच्या सहा भिंती उभ्या केल्या होत्या. त्यात स्कारमरीसोबत कॉर्विनाइटही. तो दिसतो कावळ्यासारखा, पण तोही पोलाद आणि पंख. एकाला जे लागतं तेच दुसऱ्यालाही लागणार, मग दोघे कशाला? एका घराला दोन पुढची दारं आणि मागचं एकही नाही, असला प्रकार. एक दिवस समोर घोल्डेंगो आला. सोन्याच्या नाण्यांचा हा पुतळा २०२२च्या खेळातला, भूत आणि पोलाद असा दुहेरी. गुंगी आणणं, डिवचणं असल्या नुसत्या त्रासाच्या चाली त्याला लागतच नाहीत. विष पोलादाला चढत नाही. ब्लिसीचा एकुलता एक फटका पैलवानी, तो भुताच्या आरपार जातो. पोरगी अर्धा तास बदल्या करत राहिली. तिच्या टीममध्ये त्याला ओरखडा काढील असं कुणीच नव्हतं. हरली आणि रडवेली झाली. पण त्याच रात्री कॉर्विनाइट काढून तिनं टिंग-लू घेतला. तो अंधार आणि जमीन या टाइपांचा, प्राचीन चिनी काशाच्या भांड्यावरून घडवलेला. जिवाचा आकडा १५५. भुताचा मार त्याला निम्माच बसतो, त्याच्या नुसत्या असण्यानं इतरांच्या विशेष हल्ल्याची ताकद पाव हिश्शानं उतरते, आणि त्याचा भूकंप घोल्डेंगोला दुप्पट लागतो. झेलणारा आणि उलट देणाराही. ती टीम मग चांगली चालली, आणि तीच तिनं परवा पुसली.

आता मुलांचं म्हणणं. त्यात काही तथ्य आहे का? थोडं आहे. प्रत्येक चाल ठराविक वेळाच वापरता येते. समोरच्याच्या चाली संपेपर्यंत नुसतं झेलत बसायचं, आपण काहीच करायचं नाही, असे सामने मी पाहिलेत. दीडशे-दीडशे खेपा. मलाही जांभया आल्या. पण त्याला मी संतुलित बचाव म्हणणार नाही. बचावाची चांगली टीम मारते, फक्त हप्त्याहप्त्यानं मारते. समोरच्याच्या अंगणात टोकदार दगड पसरून ठेवते, मग तिथे आत येणाऱ्या प्रत्येकाचा साधारण आठवा हिस्सा जीव जातो. चारिझार्डसारखा आगीचा उडता ड्रॅगन असेल तर एका पावलात निम्मा. कडक विष दिलं की पहिल्या खेपेला सोळावा हिस्सा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, आणि पाचव्या खेपेअखेर सोळातले पंधरा गेलेले. उलट आपल्या गड्याच्या हातात शिळ्या उरल्यासुरल्या अन्नाचा डबा असतो, तो दर खेपेला सोळावा हिस्सा भरून देतो. हा सगळा हिशेब डोक्यात ठेवून, समोरचा पुढे काय करील ते ओळखून बदली करायची. चुकली की गडी गेला. ह्याला न खेळणं म्हणायचं?

आपल्या इंदूरला मराठी घरात जन्मलेल्या राहुल द्रविडला जग 'द वॉल' म्हणतं. या खेळातही झेलणाऱ्या पोकेमॉनला वॉलच म्हणतात. डिसेंबर २००३मध्ये ॲडलेडला द्रविडनं पहिल्या डावात २३३ आणि दुसऱ्यात नाबाद ७२ केल्या, आणि सामना आपण जिंकला. शेवटी मैदानात उभा कोण होता? भिंतच. टीम बांधताना मी भाचीला तेच विचारतो, की सगळं झेलून झाल्यावर जिंकून देणारा तुझा कोण? उत्तर नसेल तर तो बचाव अपुरा.

खेळ बनवणाऱ्यांनाही बचाव फार आवडत नसावा असं दिसतं. २०२२च्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'मध्ये जीव भरून घेण्याच्या बहुतेक चाली जास्तीत जास्त सोळा वेळा चालत त्या आठवर आणल्या. याचं मला वाईट वाटत नाही. आठच वेळा म्हटल्यावर प्रत्येक वेळ मोलाची, आणि आळशी भिंतीलाच त्याचा जास्त फटका बसतो. पण त्याच वेळी कडक विष देण्याची चालही बहुतेकांच्या हातून काढून घेतली. पूर्वी ती जवळजवळ कुणालाही शिकवता येई. ती गरिबाचं हत्यार होती. ज्याच्या अंगात जोर नाही अशा कुठल्याही जिवाला बलाढ्याकडे बोट दाखवून म्हणता येई, बघ, पाच खेपांत तुझं काय होतं ते. ते काढलं, वर सामन्यात एकदा आपल्या एका गड्याचा टाइप ऐनवेळी बदलायची मुभा दिली. म्हणजे झेलणाऱ्यानं केलेला हिशेब एका क्षणात फुकट. मारणाऱ्याला आधीच पहिल्या फटक्याचा फायदा असतो, त्याच्या पारड्यात आणखी एवढं कशाला टाकायचं, हे मला पटलेलं नाही.

अधिकृत जागतिक स्पर्धेत दोन-दोन पोकेमॉन एकदम उतरतात, सहापैकी चारच घेऊन. तिथे दोघे मिळून एकावर तुटून पडतात, त्यामुळे नुसत्या भिंती टिकत नाहीत. म्हणून तिथे बचाव नाही असं मात्र नाही. २०१४ची अंतिम लढत वॉशिंग्टनला झाली. दक्षिण कोरियाच्या से जुन पार्कच्या टीममध्ये पचिरिसू नावाची एक विजेची खार होती. ज्या खारीला कुणी स्पर्धेत विचारत नव्हतं ती. तिचं काम एवढंच, की शेजारी अजस्र ग्याराडोस उभा असताना समोरच्यांचे हल्ले आपल्या अंगावर ओढून घ्यायचे. ग्याराडोसला वीज चौपट लागते, आणि ह्या खारीला विजेनं उलट जीव मिळतो. सॅलमेन्स या ड्रॅगनचा सगळ्यात जबर फटकाही तिनं झेलला आणि उभी राहिली. पार्क जगज्जेता झाला. त्या लढतीतली खार लोकांना अजून आठवते.

रडी म्हणजे काय, हे आम्हाला लहानपणी नीट ठाऊक होतं. हरायला लागल्यावर "बॅट माझी आहे" म्हणून घरी जाणं ही रडी. मी भाचीला तिच्या जुन्या सामन्यांची यादी उघडायला लावली. वर्गातल्या मुलांशी झालेल्या शेवटच्या अकरा सामन्यांपैकी सात तिनं जिंकले होते. त्या सातांपैकी चारांत समोरचा मधेच सामना सोडून पळालेला.

ती बराच वेळ यादीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "टीम परत करायला वेळ लागेल, मामा. आकडे आठवत नाहीत." आकडे म्हणजे प्रत्येक पोकेमॉनला वाटून देता येणारे ५१० गुण, कुठल्याही एका बाजूला जास्तीत जास्त २५२. नवखे दोन बाजूंना २५२-२५२ ओततात आणि मोकळे होतात. ती तसं करत नाही. अमुक एक फटका खाऊन जेमतेम वाचेल एवढेच बचावात, उरलेले वेगात. ते गणित तिनं वहीत लिहिलेलं नव्हतं.

रात्री आरती झाल्यावर मी जुन्या कॅलेंडरचं कोरं पान काढून दिलं. ब्लिसी, स्कारमरी, टिंग-लू, डोंडोझो, आणखी एक, अशी पाच नावं झाली. सहाव्या जागेवर पेन अडलं. तिला आणखी एक झेलणारा हवा होता, मी म्हणत होतो मारणारा घे. बारा वाजेपर्यंत वाद चालला, शेवटी बहीण येऊन दिवा मालवून गेली.