एका नटासाठी अख्खी खुर्ची परत?

आमच्या लासुर्ण्याच्या घरात बसायला जागा भरपूर आहे. दिवाण आहे, सहा प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, ओसरीला कट्टा आहे. तरी सासूबाई बसायच्या त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ, खाली. मी त्यांना आत्या म्हणते. दिवाण पाहुण्यांचा, खुर्च्या पुरुषमाणसांच्या, असं कुणी ठरवलेलं नव्हतं. पण चाळीस वर्षं चाललं मात्र तसंच. गेल्या वर्षी त्यांचे गुडघे इतके धरले की उठताना दोन्ही हातांनी दाराची चौकट पकडावी लागायची. चौकटीचा रंग तेवढ्याच जागी उडालाय. तो डाग रोज बघून बघून मी ठरवलं, आत्यांना त्यांची स्वतःची खुर्ची आणायची.

दुकानदार अशा खुर्चीला ‘ॲक्सेंट चेअर’ म्हणतात. सोफासेटातली नसलेली, कोपऱ्यात एकटीच ठेवायची, गादीची, जरा उठावदार रंगाची. बारामतीत भिगवण रोडला दोन-तीन शोरूम फिरले. आवडलेल्या दोन्ही खुर्च्या पंधरा हजारांच्या वर होत्या. तशाच घाटाची मोहरी रंगाची एक मोबाइलवर पाच हजार आठशेला दिसली, ती मागवली. स्वस्त घेतली याचं मला वाईट वाटत नाही. आमच्यासारख्या घरात एका माणसासाठी, तेही म्हाताऱ्या बाईसाठी, खुर्ची घ्यायची तर ती परवडणारीच हवी, नाहीतर ती घेतलीच जात नाही.

मागवण्याआधी एक गोष्ट मात्र केली आणि ती सगळ्यांनी करावी. आत्यांना पाटावर उभं करून गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंत टेप लावली. साडेसोळा इंच भरले. फोम बसल्यावर इंचभर दबतो, म्हणजे बैठक साडेसतराच्या आसपास हवी आणि रेटा देऊन उठायला दोन्ही बाजूंना हात हवेत. फोटोत छान दिसणाऱ्या बऱ्याच खुर्च्या बुटक्या आणि खोल असतात. त्यात म्हातारं माणूस रुततं, मग त्याला दुसऱ्याने ओढून उठवावं लागतं. ब्लाऊज शिवायला टाकताना आपण माप देतो आणि खुर्ची मात्र फोटो बघून घेतो.

फोमचंही तसंच. गादीवाल्याकडे गेलात तर तो आधी डेन्सिटी विचारतो. एक घनमीटर फोमचं किलोत जे वजन, ती त्याची डेन्सिटी. हलका फोम पाठीला चालून जातो. बैठकीला निदान 32 आणि रोज बसायचं असेल तर 40 चा घ्यावा, नाहीतर वर्षभरात खळगा पडतो. माझ्या खुर्चीच्या माहितीत नुसतं ‘प्रीमियम फोम’ लिहिलं होतं. त्यावरून कुणाला काय कळणार?

खोकं पालखी मार्गाने आलं, चौपदरी रस्ता झाल्यापासून ऑनलाइन मागवलेलं सामान पोचवणाऱ्या गाड्या थेट गावात येतात. आठवीतल्या मुलाला घेऊन मी ओसरीवर ते उघडलं. पाठ, बैठक, दोन हात, चार पाय, एका पिशवीत बोल्ट आणि वॉशर, एक ॲलन-की. सोबतच्या कागदावर बारीक चित्रं आणि चार ओळी इंग्रजीत. आम्ही पहिला पाय लावला आणि करकचून आवळला. झालं, दुसऱ्याची भोकं जुळेनात. असं करायचं नसतं. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-दोन आटे फिरवून सैल ठेवायचे, खुर्ची सपाट फरशीवर उभी करायची आणि मग समोरासमोरचे कोपरे धरून एकेक आवळत जायचं. ही एक ओळ त्या कागदावर मराठीत असती तर पुढचं काही घडलं नसतं. आवळलेला पाय परत सोडवताना फळीच्या आत ठोकलेला नट सुटला आणि बोल्टाबरोबर गरागरा फिरायला लागला. तीन पाय पक्के, चौथा डुगडुगता.

विक्रेत्याला फोन लावला. मला फक्त एक नट हवा होता. पलीकडून हिंदीत उत्तर आलं, सुटा पार्ट मिळत नाही, पूर्ण खुर्ची परत पाठवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तसं कुणी केलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, हे मला माहीत होतं. पण ती खुर्ची सगळी खोलायची, खोक्यात भरायची, ट्रकने कुठल्या तरी गोदामात जायची, तिथून तिचं काय व्हायचं ते व्हायचं आणि हे सगळं कशासाठी, तर पाच-दहा रुपयांच्या नटासाठी! माझ्या मनाला ते पटेना.

गावातल्या सुतारमामांना बोलावलं. त्यांनी उसाच्या बैलगाड्या केल्यात, बाभळीच्या. खुर्ची उलटी केली, खालचं काळं कापड पटाशीच्या टोकाने एकेक पिन काढत सोडवलं. आत बोट घालून म्हणाले, “पोरी, हितं लाकूडच नाय. भुसा दाबलाय नुसता. आटा धरंल कशाला?” मग त्यांनी बाभळीचा तीन बोटं रुंद तुकडा रंधून घेतला, फेविकॉल लावून आतून बसवला, आरपार भोक पाडलं आणि लांब बोल्ट घालून मागे रुंद वॉशर दिला. कापड होतं तसं परत ठोकलं. मजुरी दोनशे, बोल्ट-वॉशर चाळीस. आता त्या खुर्चीचा सगळ्यात भक्कम पाय तोच आहे.

माझं म्हणणं आहे ते इथे. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार गट घेतले. घरातलं फर्निचर त्यात यायला हवं. आमच्याकडे ट्रॅक्टरचा बेअरिंग गेला तर माणूस बारामतीला जाऊन तासा-दोन तासांत घेऊन येतो, म्हणून तर जुना ट्रॅक्टर वीस वर्षं चालतो. खुर्चीचा नट तसा का मिळू नये? बोल्टाचं माप, लाकूड कसलं, फोम किती डेन्सिटीचा, हे खोक्यावर छापायला विक्रेत्याला असा किती खर्च येतो? आणि पीएम विश्वकर्मा योजनेत ज्या 18 व्यवसायांतल्या कारागिरांना 15 हजारांपर्यंतची अवजारं देऊ केलीत, त्यात सुतारही आहे. मग जोडणीचं आणि दुरुस्तीचं काम गावातल्या सुताराकडे का नाही?

सुटे भाग जोडून केलेली खुर्ची मुळात टिकत नाही, असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. 1859 मध्ये ऑस्ट्रियात मायकेल थोनेट यांनी 14 नंबरची खुर्ची काढली. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, बस्स. सुट्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावायच्या. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतल्या काळ्या गोल खुर्च्या त्याच घराण्यातल्या, त्यांतल्या कित्येकांवर लोक अजून बसतात. कारण लाकूड खरं, स्क्रू डोळ्यांना दिसतो, सैल झाला की कुणीही आवळतो.

आत्या आधी खुर्चीवर बसेनात. “एवढं पैसं माझ्यापायी कशाला घातलं?” म्हणून आठ दिवस उंबऱ्याजवळच बसल्या. आषाढात बेलवडीचं रिंगण करून पालखी पुढे निघाली, तेव्हा त्यांच्याच वयाची एक वारकरी बाई पाणी प्यायला ओसरीवर आली. आत्यांनी स्वतः हाक मारली, “खुर्ची आण गं बाहेर.” ती बाई पाय सोडून पंधरा मिनिटं टेकली आणि हातावर रेटा देऊन सहज उठली. आत्या तिच्याकडे बघत होत्या. त्या संध्याकाळपासून शेंगा फोडायला आत्या खुर्चीतच बसतात.

सुतारमामांनी जास्तीचे दोन बोल्ट देऊन ठेवलेत. ते मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बैठकीखाली टेपने चिकटवले आणि सोबत वहीचा कागद लावला: “आठ एमएमचा बोल्ट, लांबी अडीच इंच, रुंद वॉशर. डावा मागचा पाय आतून बाभळीचा. आधी सगळे सैल, मग समोरासमोर आवळा.”