निलगिरीचा दिलासा आणि त्याची मर्यादा

हवा पालटली, की घरोघरी नाके गळू लागतात आणि फडताळातील निलगिरीच्या तेलाची बाटली बाहेर येते. रुमालावर शिंपडलेले दोन थेंब, तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी, कापूर, पुदिन्याचे फूल व ओव्याचे फूल एकत्र करताच आपोआप पातळ होणारी अमृतधारा, हा मराठी कुटुंबाचा पिढीजात दवाखाना होय. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूची साथ पसरली, तेव्हाही लोकांनी प्रथम निलगिरीचा रुमालच जवळ केला. हा विश्वास सर्वस्वी निराधार नाही. परंतु तो कोठवर ठेवावा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आणि तो न विचारल्याची झळ बहुधा घरातील सर्वांत लहान जिवाला पोहोचते.

पडसे हा विषाणूंमुळे होणारा विकार आहे. त्यांपैकी ऱ्हायनोव्हायरस या एकाच कुळाचे शंभराहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. निलगिरीतील सिनिओल, पुदिन्यातील मेन्थॉल किंवा कापूर यांचा नुसता वास घेतल्याने हे विषाणू शरीरातून हद्दपार होत नाहीत. मग नाक मोकळे झाल्याचा अनुभव येतो तो कशामुळे? १९८३ साली ब्रिटनमधील संशोधकांनी याचाच छडा लावला. या तिन्ही द्रव्यांच्या वाफा स्वयंसेवकांना हुंगण्यास देऊन त्यांनी नाकातील हवेला होणारा अडथळा यंत्राने मोजला. अडथळ्यात फरक पडला नव्हता. बहुतेकांना श्वास मोकळा झाल्यासारखे मात्र वाटत होते. थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना मेन्थॉल चेतवते, हे त्यामागील कारण होय. ज्या संवेदकामार्फत हे घडते तो २००२ साली सापडला आणि त्याच्या संशोधकांपैकी डेव्हिड ज्युलियस हे २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. नाक चोंदलेलेच राहते. मेंदूला वर्दी मात्र गार वारा आल्याची मिळते.

याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे ठरेल. जो विकार आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतो, त्यात आराम मिळणे ही काही लहान गोष्ट नव्हे. अमेरिकेत २ ते ११ वर्षे वयाच्या १३८ मुलांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. कापूर, मेन्थॉल व निलगिरी असलेले मलम छातीला चोळलेल्या मुलांना रात्री अधिक बरी झोप लागल्याचे पालकांनी त्यात नोंदविले. काही मुलांच्या कातडीची वा डोळ्यांची आग झाली, हेही नोंदविले. साध्या पडशासाठी प्रतिजैविकांची मागणी करण्यापेक्षा असा बाह्योपचार केव्हाही श्रेयस्कर, कारण विषाणूंवर प्रतिजैविकांची मात्रा चालतच नाही.

तथापि खरी अडचण येथून पुढे सुरू होते. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने अनेक बालके दगावली. त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. या भीषण घटनेनंतर बाटलीतील औषधाचे भय वाटावे आणि ‘नैसर्गिक’ तेलाकडे मन ओढ घ्यावे, हे साहजिक आहे. पण नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण कोणी मांडले? निलगिरीची पाने आणि निलगिरीचे तेल यांत मोठे अंतर आहे. पुष्कळ पानांचा अर्क थोड्याशा तेलात उतरतो. ते पोटात गेल्यास लहान मुलाला गुंगी येते, प्रसंगी तो बेशुद्ध होतो. देवघरातील कापूर तर बहुतांशी टर्पेंटाइनपासून कारखान्यातच तयार होतो. त्याची पांढरी वडी रांगत्या मुलाला खडीसाखरेसारखी भासते, आणि ग्रॅमभर कापूरही त्याच्या जिवावर बेतू शकतो. थोड्याच वेळात झटके येऊ लागतात. अमेरिकेने १९८३ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांत ११ टक्क्यांहून अधिक कापूर घालण्यास बंदी केली, ती उगाच नव्हे.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर तेल पोटात जाण्याचीही गरज नसते. नाकपुडीला लावलेल्या मेन्थॉलच्या उग्र वासाने त्याचा श्वास क्षणभर अडखळू शकतो. आजीने मायेने टेकविलेले बोट येथे घातक ठरते. दोन वर्षांखालील मुलाला ही मलमे व तेले लावू नयेत, हा दंडक म्हणूनच पाळावयास हवा. वाफाऱ्याचीही तीच गत आहे. त्याने पडसे लवकर बरे होते असा भक्कम पुरावा नाही. उकळत्या पाण्याचे पातेले कलंडून मुले भाजतात, हे मात्र रुग्णालयांना चांगलेच ठाऊक आहे. बाळाचे नाक चोंदले असता मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब आणि आईचे दूध पुरेसे असते. श्वास जलद चालू लागला किंवा श्वासासरशी बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर तेलाची बाटली बाजूस सारून तातडीने डॉक्टर गाठला पाहिजे.

हे सारे कळावयाचे कोठून? बाटलीवरील सूचना पुष्कळदा इंग्रजीत आणि मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत असते. वापरणारी आजी मराठी वाचते, तेही चष्मा लावून. ‘पोटात घेऊ नये, दोन वर्षांखालील बालकास लावू नये’ हे दोन वाक्प्रयोग ठळक मराठीत छापणे उत्पादकांना अवघड नाही आणि तसा आग्रह धरणे शासनाच्या औषध प्रशासनाला अशक्य नाही. शाळेतील विज्ञानाच्या तासाला विषाणूंचा धडा शिकविताना शिक्षकांनी घरातील या बाटलीचाही उल्लेख करावा. विद्यार्थी तो निरोप घरी नेतील. निलगिरी १८४३ च्या सुमारास ज्या डोंगरांवर लावली गेली, त्यांचेच नाव मराठीने तिला दिले आणि परक्या झाडाला घरचे करून घेतले. घरच्या माणसाचे गुण जसे माहीत असावेत, तसे दोषही. दिलाशाला दिलासाच मानले, इलाज मानले नाही, तर निलगिरीची बाटली फडताळात खुशाल राहावी. फक्त ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा वरच्या फळीवर असावी.