कुणीतरी विचारलं म्हणून

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, केरी परगण्यातल्या डन्क्विनच्या किनाऱ्यासमोर ग्रेट ब्लास्केट हे बेट आहे. १९१६च्या सुमारास तिथे जेमतेम पावणेदोनशे माणसं राहत होती. चर्च नाही, डॉक्टर नाही, दारूचा गुत्तासुद्धा नाही (आणि हे आयर्लंडात!). पण आयरिश भाषेला या वस्तीने निदान तीन नामवंत लेखक दिले.

त्यांतला तोमास ओ क्रोहन हा मच्छीमार. शाळा इंग्रजीची, त्यामुळे घरची भाषा लिहा-वाचायला तो शिकला मोठेपणी. १९१७मध्ये ब्रायन ओ केली नावाचा पाहुणा बेटावर आला. गोर्की आणि लोती या लेखकांची पुस्तकं वाचून दाखवत त्याने तोमासला पटवलं, की कोळ्याच्या जगण्याचंही पुस्तक होतं. मग रोजनिशी लिहिण्याचा लकडा लावला. ‘बेटकरी’ अशा अर्थाच्या नावाचं तोमासचं आत्मचरित्र १९२९मध्ये छापून आलं. बेटावरचीच दुसरी लेखिका पेग सेयर्स, तिला तर आयरिश लिहिताच येत नव्हतं. तिने आपली कहाणी मुलाला सांगितली, त्याने ती उतरवली.

पुस्तकं वाढत होती, माणसं घटत होती. तरणी पोरं अमेरिकेला, बरीचशी स्प्रिंगफील्डला गेली. १९४१मध्ये शाळा बंद पडली. डांबर फासलेल्या कापडाची होडी खवळलेल्या समुद्रात घालायची तर दणकट हात लागतात. तेच उरले नाहीत. १९४७च्या आरंभी चोवीस वर्षांचा एक तरुण मेंदूज्वराने गेला. वादळामुळे डॉक्टर पोहोचलाच नाही. त्याच एप्रिलात पंतप्रधान डी व्हॅलेरांना तार गेली: वादळात अडकलोय, खायला काही नाही, अन्न पाठवा. जुलैत ते स्वतः येऊन पाहून गेले. तरीही लोकांना किनाऱ्यावर हलवायला १७ नोव्हेंबर १९५३ उजाडला. तेव्हा बेटावर उरले होते बावीस जण. सहा वर्षांच्या या दिरंगाईला माझ्याकडे सौम्य शब्द नाही.

संपादक म्हणून मला तोमासपेक्षा ब्रायनचा हेवा वाटतो. आलेलं साहित्य निवडणं आम्हाला जमतं. न लिहिणाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसणं राहून जातं. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल, तर या दिवाळीत फराळाच्या डब्याबरोबर त्याला एक वहीही नेऊन द्या. अक्षर कसंही असो, आम्ही लावून घेऊ. पुढच्या अंकासाठी साहित्य १५ ऑगस्टपर्यंत स्वीकारलं जाईल.