फुटलेला फोन, अडकलेला पुरावा



काटापट्टीचा फोटो, व्यापाऱ्याने बाकी कबूल केल्याचा मेसेज, गारपिटीने झोपलेला गहू, सारा पुरावा आज खिशातल्या फोनात. तो फुटला की दुकानदार म्हणतो, 'गेलं सगळं, नवा घ्या.' हे खोटे आहे. माहिती काचेत नसते, आतल्या बोर्डावरच्या चिपमध्ये असते. बोर्ड शाबूत असेल तर डिस्प्ले बदलून, लॉकचा नंबर टाकून ती बाहेर काढता येते. फोन भिजला असेल तर चार्जिंगला लावू नका. 'रीसेट' तर कोणालाच करू देऊ नका.

बोर्डच मेला तर प्रकरण अवघड. 2019 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 10 पासून नव्या फोनांत माहिती कुलूपबंद असते आणि किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरशी जखडलेली. नुसती चिप उपटून काही वाचता येत नाही. बोर्डच जिवंत करावा लागतो. तेवढा कारागीर तालुक्याला सापडेलच असे नाही.

फोन शेतकऱ्याचा, दुरुस्ती त्याच्या पैशाने, पुरावाही त्यानेच जपायचा. आडत्याची वही मात्र गादीखाली सुखरूप! मोबाइलवर पाठवतो म्हणणाऱ्याकडून सहीची हिशोबपट्टी घेतल्याशिवाय गाळा सोडू नका. तसा ठराव या बैठकीत मांडावा.