पाषाणातील पाने वाचणारा प्राध्यापक

बेळगावच्या उत्तरेस असो वा इंदूरकडील माळव्यात असो, ज्या काळ्या पाषाणात आपण विहिरी खणतो व ज्याने घरांचे पाये भरतो, तो पाषाण एके काळी तप्त लाव्हारस होता. त्याचे थर एकावर एक साचत असता मधल्या शांततेच्या काळात कोठे तळी भरली, कोठे रान माजले, आणि पुढील थराखाली ते सारे गाडले गेले. अशा गाडल्या गेलेल्या वनस्पतींच्या अभ्यासाला ज्यांनी आपले आयुष्य वाहिले, त्या डॉ. बिरबल साहनी यांची ओळख आज करून घेऊ.

साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी भेरा येथे झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. वडील रुचिराम साहनी लाहोरास रसायनशास्त्राचे अध्यापक होते. सुटीत ते मुलांना घेऊन हिमालयात दूरदूर पायी हिंडत. डोळे उघडे ठेवून चालण्याचा हा संस्कार पुत्राच्या जन्मभर उपयोगी पडला. १९११ मध्ये साहनी केंब्रिजला गेले व तेथे प्रा. सेवर्ड यांच्या हाताखाली शिकले. मायदेशी परतल्यावर १९२१ मध्ये लखनौ विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

त्यांचे काम मोठ्या चिकाटीचे होते. गाडलेल्या लाकडात खनिजयुक्त पाणी झिरपते व कालांतराने त्याचा दगड बनतो. परंतु आतील सूक्ष्म रचना पुष्कळदा जशीच्या तशी राहते. हा दगड करवतीने कापून, प्रकाश आरपार जाईल इतका पातळ घासून, मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा. राजमहालच्या टेकड्यांत खोड एका ठिकाणी, पान दुसरीकडे, फूल तिसरीकडे अशी सापडत. ती एकाच झाडाची आहेत हे जुळवून साहनींनी १९३२ मध्ये एका नामशेष वनस्पतीचे संपूर्ण चित्र उभे केले व तिच्या नावात आपल्या गुरूंचे नाव गुंफले.

नागपूर-छिंदवाड्याकडील अवशेषांवरून त्यांनी असे प्रतिपादले की, दख्खनचा लाव्हा तोवर समजत असत त्यापेक्षा अलीकडच्या युगातील आहे. आजच्या मापनाप्रमाणे त्याचा उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, त्या दोन युगांच्या सीमेवर झाला.

त्यांची चौकस दृष्टी वनस्पतींपुरतीच नव्हती. १९३६ मध्ये रोहतकजवळील खोकराकोट टेकाडावर त्यांना भाजलेल्या मातीचे काही तुकडे आढळले. दुसरा कोणी खापर म्हणून ते टाकून देता. साहनींनी ओळखले की, हे प्राचीन यौधेयांच्या नाण्यांचे साचे आहेत. पुढे १९४५ मध्ये प्राचीन भारतातील नाणी ओतण्याच्या पद्धतीवर त्यांनी ग्रंथच लिहिला.

१९३६ मध्येच त्यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. परंतु त्यांच्या मनात एकच ध्यास होता : आपल्यामागे हे शास्त्र पोरके होऊ नये. म्हणून १९४६ मध्ये त्यांनी लखनौस पुरावनस्पतिशास्त्राची संस्था स्थापिली आणि आपला ग्रंथसंग्रह व जीवाश्मांचा ठेवा तिला अर्पण केला. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिच्या इमारतीची कोनशिला बसली. त्या शिलेतही जीवाश्म बसविलेले होते. त्यानंतर आठवडाही पुरता लोटला नाही तोच, ९ व १० एप्रिलच्या दरम्यान रात्री, हृदयविकाराने साहनींचे निधन झाले.

पाया घातला, घर उभे राहिले नाही, आणि कर्ता निघून गेला. अशा वेळी सारेच विस्कटावे. परंतु पतीची अखेरची इच्छा शिरोधार्य मानून सावित्रीबाई साहनी यांनी शास्त्रज्ञ नसतानाही संस्थेचा भार उचलला व पुढे सुमारे दोन दशके तो वाहिला. बिरबल साहनी यांचे नाव धारण करणारी ती संस्था लखनौमध्ये आजही कार्य करीत आहे.

आपल्या घरचेच पाहा. आंब्याची कोय पुरणारा म्हातारा फळाची वाट पाहावयास असेलच असे नाही. म्हणून पाणी घालणारा हातही लावणाऱ्या हाताइतकाच मोलाचा. आणि मुलांनी ओढ्याकाठचा एखादा नक्षीदार दगड उचलून आणला, तर तो फेकून देण्यापूर्वी त्यांच्यासह क्षणभर निरखून पाहावा.